बैलाच्या बेतानं आखलेला घाट

बेळगावात एके काळी सायकल शिकवायची फी पंधरा रुपये होती आणि सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये. खेड्यातल्या शाळामास्तराला महिन्याकाठी दहा-पंधरा रुपये मिळायचे, त्या काळातली ही गोष्ट. मास्तरानं महिनाभर पोटाला चिमटा घेतला असता तर त्याला नुसता तोल सांभाळायला शिकता आलं असतं. स्वतःची सायकल घ्यायची तर पाच-सहा वर्षं हवा खाऊन राहावं लागलं असतं. तरीही रामूअण्णा किर्लोस्करांच्या सायकली खपत होत्या. त्यांचे भाऊ लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ते तिकडं सायकली विकत घेऊन बेळगावला धाडायचे आणि रामूअण्णा इकडं त्या विकायचे, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला जन्म १८८८ सालचा धरतो, तो या सायकलीच्या दुकानापासून.

त्याच १८८८ साली डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. दोन जवळपास सारख्या चाकांची, साखळीनं मागचं चाक फिरवणारी सायकल इंग्लंडात विकायला आली त्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. म्हणजे या बाबतीत तरी बेळगाव जगाच्या फार मागं नव्हतं. पुढं १८९७ मध्ये लक्ष्मणरावांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. सायकलीच्या दुकानातून कडबा कापायचं यंत्र आलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला. लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात, ही हकीकत सर्वश्रुत आहे. नंतर नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि १९१० मध्ये किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या माळावर बिऱ्हाड हलवलं. बेळगावच्या हातातून कारखाना गेला. शहराच्या मध्यात किर्लोस्कर रोड तेवढा राहिला.

पहिल्या सायकली कुणी घेतल्या असतील याचा अंदाज किमतीवरूनच येतो: छावणीतले साहेब, वकील, इनामदार, हौशी सावकार. कॅम्पातले रस्ते रुंद, झाडांच्या सावलीचे आणि बऱ्यापैकी सपाट. संध्याकाळी तिथं एक-दोन फेऱ्या मारणं हीच बहुतेकांची मजल असणार. पण ज्याला पुढं जायची खुमखुमी असेल त्याच्यासाठी पश्चिमेला हिंडलग्याच्या बाजूनं एक बांधलेला रस्ता निघत होता. शिनोळी, पाटणे फाटा, हलकर्णी, नागनवाडी करत तो सह्याद्रीच्या कड्यावर आंबोलीला पोचायचा आणि तिथून वळणं घेत खाली सावंतवाडी, वेंगुर्ल्याला उतरायचा. आज एकटादुकटा सायकलवाला कॅरिअरला तंबू बांधून बेळगावहून निघतो तो बहुधा याच रस्त्यानं. त्याला वाटतं, आपण रान तुडवतोय. खरं तर चढ किती असावा, वळण कुठं असावं, पाणी कुठं लागावं आणि रात्र कुठं पडावी हे सगळं त्याच्यासाठी दीडदोनशे वर्षांपूर्वी ठरून गेलेलं असतं.

या मुलखाची ठेवण समजून घेतली की बरंच उलगडतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, आंबोली सातशेच्या आसपास. मधे टेकड्या आहेत, ओढे आहेत, पण उंची फारशी बदलत नाही. निपाणी-संकेश्वरकडून येणारी वाटही अशीच. ती गडहिंग्लज, आजरा करत हिरण्यकेशीच्या खोऱ्यातून वर सरकते, आणि ती नदी उगम पावते आंबोलीलाच. चढ जाणवतो न जाणवतो तोच कडा येतो आणि पुढच्या दहा-बारा किलोमीटरांत रस्ता जवळपास सहाशे मीटर खाली कोसळतो. देशावरून कोकणात जाणारा पाय न मारता सुटतो. कोकणातून वर येणाऱ्याला मात्र सगळी चढण एका दमात फेडावी लागते.

आणि वर यायचं होतं मीठ.

देशावर मीठ पिकत नाही. शिरोड्याच्या आणि आसपासच्या मिठागरांतलं मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर जायची. वरून तांदूळ, कडधान्य, गूळ, कापूस, तंबाखू खाली. हा सगळा माल लमाण आणि वंजारी तांड्यांच्या पाठीच्या बैलांवर चालायचा. पाठीच्या बैलाला चाक लागत नाही, रस्ता लागत नाही, पाऊलवाट पुरते. दोन्ही अंगांना समतोल गोण्या, पुढं घंटा बांधलेला, कवड्यांनी सजवलेला धुऱ्याचा बैल, मागं शेकडो बैलांची रांग, आणि त्यांच्याबरोबर बायका, पोरं, कुत्री. तांडा दिवसाला पाच-सहा कोस चालायचा. ऊन चढायच्या आत चाल संपवायची, कारण बैलाला चरायला वेळ हवा. मुक्कामाला गोण्या उतरवून एकावर एक रचल्या की त्यांचीच भिंत व्हायची; माणसं आणि मौल्यवान माल आत, भोवती शेकोट्या. वाघ, चोर आणि दव या तिन्हींपासून जमेल तेवढा बचाव. तळाची जागा ठरलेली असे: पाणी जवळ, गवत मुबलक, जमीन किंचित उतरती म्हणजे पावसाचं पाणी साचायला नको. आजच्या तंबूवाल्याला अनुभवी मंडळी हेच तीन नियम सांगतात.

या व्यापाराचं खालचं टोक म्हणजे वेंगुर्ला. सतराव्या शतकात डचांनी तिथं वखार घातली. तिचे पडके अवशेष गावात अजून उभे आहेत. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांकडं गेलं. १८१८ च्या वसंतात जनरल मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला आणि तिथं कायमची छावणी पडली. आता या दोन टोकांना एकमेकांची गरज लागली. पलटणीला लागणारा दारूगोळा, दारू, कापड, औषधं मुंबईहून गलबतांनी वेंगुर्ल्याला यायची आणि तिथून घाट चढून बेळगावला. पुणे-कोल्हापूर-निपाणी ही खुष्कीची वाट होतीच, पण वाटेत नद्या अनेक आणि पूल कमी. समुद्राची वाट सोपी, फक्त पावसाळ्यात बंदर बंद.

सुरुवातीला ही वर्दळ मुख्यतः रामघाटानं चालायची. बेळगावच्या पश्चिमेला, आजच्या चंदगड तालुक्याच्या कडेवरून हा घाट तिलारीच्या खोऱ्यात उतरतो. त्याच्यावर नजर ठेवायला जवळच पारगड आहे. तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा यांना शिवाजी महाराजांनी तिथं किल्लेदार नेमलं, अशी गडावरच्या घराण्यांची परंपरा सांगते. घाटावर किल्ला आणि किल्ल्याखाली जकात, ही सह्याद्रीतली जुनी व्यवस्था. एकटा माणूस अशा वाटेनं सहसा जात नसे. तांडा येईपर्यंत पायथ्याच्या गावात थांबायचं, मग त्याच्या शेपटाला लागायचं, ही रीत.

रीत मोडून एकटा जाणारा एकच होता: टपालाचा हलकारा. खांद्यावर थैली, हातात घुंगरांची काठी, आणि ठरलेला टप्पा पळत पार करायचा. काठीच्या आवाजानं जनावरं बाजूला होतील ही आशा. एकट्यानं घाट ओलांडायची परंपरा शोधायचीच झाली तर ती या पोटार्थी माणसापाशी जाते, हौशी माणसापाशी नाही.

रस्ता सुधारायला व्यापारापेक्षा बंडानं जास्त हातभार लावला असावा. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींवर नव्या महसूल व्यवस्थेनं हात घातला आणि गडहिंग्लजजवळच्या सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बेळगावच्या छावणीतून फौज निघाली. सामानगड पडला तरी बंडाची आग भुदरगड, पन्हाळा करत सावंतवाडीच्या मनोहर-मनसंतोष गडांपर्यंत गेली. औट्रमसारखा अधिकारी फौज घेऊन त्या जंगलांत बंडखोरांच्या मागं फिरत होता. बंडवाल्यांना प्रत्येक चोरवाट ठाऊक; इंग्रजांच्या तोफगाड्या मात्र वळणावळणाला अडायच्या. ज्या मुलखात तोफ चढत नाही तो मुलूख ताब्यात आहे असं म्हणता येत नाही, हे छावणीला यातून कळलं असणार.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोली घाटाचा, म्हणजे आजच्या आंबोली घाटाचा, गाडीरस्ता झाला आणि रामघाट मागं पडला. इथं थोडं थांबायला हवं, कारण सायकलवाल्याच्या पोटऱ्यांचा खरा संबंध या कामाशी आहे. पाठीचा बैल कसाही चढतो; गाडीचा बैल तसा चढत नाही. जू मानेवर असतं, चढ वाढला की गाडीचं वजन मागं ओढतं, जू गळ्याकडं उचलतं आणि बैलाचा श्वास कोंडतो. उतरताना उलट: गाडी अंगावर येते आणि सगळा भार दोन बैलांच्या खांद्यांना रोखावा लागतो. म्हणून त्या काळचे इंजिनिअर घाटात साधारण वीस फुटांमागं एक फूट या चढाच्या आसपास राहायला बघायचे, आणि तेवढ्यासाठी डोंगराला कितीही वळसे घालायची त्यांची तयारी असे. आंबोली घाटाची लांबी आणि उंची यांचा भागाकार केला तर उत्तर याच्याच जवळपास येतं. पाच टक्के चढ. भरल्या सामानाची सायकल हलक्या गिअरवर, बसल्या जागेवरून न उठता चढवायला याहून सोयीचा चढ नाही. बैलाची मान आणि माणसाची मांडी यांची ताकद वेगळी असली तरी दम कुठं लागतो ते दोघांचं जवळजवळ एकच निघालं.

आंबोली हे गावच या रस्त्यानं मोठं केलं. वेंगुर्ला-बेळगाव वाटेवरचा मुक्काम, घाट चढून आलेल्या बैलांना विसावा, एवढंच त्याचं आधीचं काम. १८८० च्या सुमारास सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांना इथली थंड हवा आवडली आणि बंगले उठले. पावसाळ्यात मात्र साहेब तिथं राहत नसत, आणि ते शहाणपणाचंच होतं. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. महिनाभर घरातल्या भिंतीसुद्धा वाळत नाहीत.

मग गंमत झाली. रस्ता पक्का झाला, बंगले झाले, आणि वीसएक वर्षांतच त्याचं मुख्य काम गेलं. १८८७ मध्ये बेळगावला आगगाडी आली आणि पाठोपाठ कॅसल रॉकचा लोहमार्ग मुरगाव बंदराला जोडला गेला. गोव्याचं बंदर खोल, आगगाडीला वळसे घालायची भीती नाही, पावसाळ्यातही खंड नाही. बेळगाव-धारवाडचा माल तिकडं वळला. वेंगुर्ल्याच्या बंदराला उतरती कळा लागली, घाटातल्या गाड्या विरळ झाल्या. म्हणजे किर्लोस्करांच्या दुकानात पहिली सायकल येत होती त्याच सुमाराला या रस्त्यावरून बैल कमी होत होते. चांगला आखलेला, चांगला बांधलेला आणि बऱ्यापैकी रिकामा घाटरस्ता! सायकलीवर फिरणाऱ्याला आणखी काय हवं?

तरीही तेव्हा या रस्त्यानं सायकलीवर हौसेची भटकंती करणारे फार असतील असं वाटत नाही. हिंदुस्थानात अशी भटकंती आधी परक्यांनीच केली. अमेरिकेचा थॉमस स्टीव्हन्स १८८६ मध्ये त्या अवाढव्य पुढच्या चाकाच्या सायकलीवर लाहोरहून कलकत्त्याला गेला. शतक संपता संपता फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा नवरा विल्यम हे जोडपं देशभर हजारो मैल फिरलं. डाकबंगले आणि स्टेशनांवरच्या प्रतीक्षालयांत मुक्काम करत त्यांनी देवळं पाहिली. या मंडळींच्या मागं पैसा होता आणि पुढं शिफारसपत्रं.

शिफारसपत्राशिवाय निघालेले पहिले ठळक लोक मुंबईचे पारशी तरुण. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. हे सहा जण निघाल्यावर तीन-चार महिन्यांनी, १९२४ च्या जानेवारीत, फ्रामरोज दावर एकटाच निघाला. व्हिएन्नाला त्याला गुस्ताव स्झ्टाव्यानिक हा जोडीदार मिळाला आणि दोघांनी पुढची सात वर्षं सायकलींवर काढली. अँडीज पर्वत ओलांडला, अ‍ॅमेझॉनचं रान पार केलं. आज बेळगाव-आंबोली करून आलेला तरुण आपल्या गिअरच्या सायकलीचं कौतुक सांगतो तेव्हा दावरची आठवण करून द्यावीशी वाटते. त्याच्या काळात डोंगरात गिअर म्हणजे खाली उतरून ढकलणं.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात सायकल खऱ्या अर्थानं शिरली ती हौसेतून नाही, कामातून. दुसऱ्या महायुद्धानंतर देशी कारखाने उभे राहिले. मद्रासकडं टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनिपतला अ‍ॅटलस १९५१ मध्ये, लुधियानाला हीरो १९५६ मध्ये. किमती शेतकऱ्याच्या आवाक्यात आल्या. उचगाव, कडोली, हिंडलगा या गावांतून पहाटे बेळगावात येणारे दूधवाले कॅरिअरच्या दोन्ही अंगांना कॅन लावायचे, दांडीला एखादी भाजीची पिशवी, हँडलला कंदील. वजनाचा तोल नेमका पाठीच्या बैलावरच्या गोण्यांसारखा. निपाणीत तंबाखूच्या वखारींकडं आणि विड्यांच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या कामगारांच्या सायकली, चंदगडकडून काजू आणि रताळी आणणाऱ्यांच्या सायकली. एस.टी. जिथं दिवसातून एकदा जायची तिथं सायकलच वाहन होती.

तिच्याबरोबर सायकलदुकान आलं, आणि हे दुकान म्हणजे गावची एक संस्था. बाहेर भाड्याच्या सायकली तासावर. नाव वहीत, वेळ वहीत, हमीला ओळखीचा माणूस. आत पंक्चरचं घमेलं. ट्यूब पाण्यात बुडवून इंच-इंच फिरवायची. बुडबुडे आले की काडीनं तिथंच खूण. मग पुसून कोरडी करायची, काचकागदानं खरवडायची, सोल्युशनचा पातळ थर लावायचा आणि ते ओढ धरेपर्यंत थांबायचं. नवखा इथंच घाई करतो. सोल्युशन ओलं असताना ठिगळ चिकटवलं की ते घाटात सुटतं. शेवटी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायचा. हा काटा राहिला तर आधीची सगळी मेहनत वाया, हे दुकानातल्या पोरालाही माहीत असतं. चाकाचा आउट काढणं, छर्रे बदलणं, ओव्हरऑइलिंग, फ्रीव्हील उघडणं ही मोठी कामं. ती मालक स्वतः करायचा. आंबोलीच्या अलीकडं शेवटचं दुकान कुठं आहे हे अजूनही नकाशावर बघण्यापेक्षा पाटणे फाट्यावर चहा पिताना विचारलेलं बरं. तिथं दुसरा प्रश्न आपल्यालाच येतो: "एकटाच चाललाय काय ओ?"

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा सलग मुलूख मधोमध कापला गेला. बेळगाव, निपाणी, खानापूर म्हैसूर राज्यात गेले. चंदगड, गडहिंग्लज, आजरा मुंबई राज्यात राहिले. रस्ता तोच, पण बेळगावहून अर्ध्या-पाऊण तासाच्या सायकलीवर शिनोळीला पाट्यांची लिपी बदलते. निपाणीकडं तर आणखी मजा: गावाचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. विद्यार्थी रोज राज्य ओलांडून तासाला जातात.

सायकलीनंही या वादात जागा घेतली. महाराष्ट्र एकीकरण समिती दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळते, आणि त्या दिवशी बेळगावात काळे कपडे, काळ्या फिती लावलेल्या सायकलस्वारांची मूक फेरी निघते. त्याच दिवशी शहरात कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक वाजतगाजत चाललेली असते. राजकारण कुणाला पटो न पटो. निषेधासाठी सायकल निवडणं मात्र त्या पिढीला सहज सुचलं असेल. घराघरात होती तीच.

निपाणीच्या रस्त्यानं मुक्कामाचा वेगळाच नमुना १९८१ मध्ये पाहिला. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं पुणे-बंगलोर महामार्गावर ठाण मांडलं. मार्चच्या मध्यापासून हजारो शेतकरी बायकापोरांसह डांबरावरच राहत होते, तिथंच स्वयंपाक, तिथंच झोप. त्या वस्तीला आंदोलननगर असं नावही पडलं. ६ एप्रिलला ती उठवताना गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मेले. तवंदीच्या घाटाकडून निपाणीत उतरणाऱ्या सायकलवाल्याला आज तिथं महामार्ग आणि ट्रकांची रांग दिसते. थांबायला जागा शोधावी लागते.

घाटांकडं परत यायचं तर, बैलाचा हिशेब सुटल्यावर काय होतं ते तिलारीच्या घाटात बघायला मिळतं. जुन्या रामघाटाच्याच परिसरात जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी हा रस्ता झाला. इंजिनाला चढाची फिकीर नाही, म्हणून वळसे कमी आणि चढ खडा. वळणावर पुढचं चाक उचलतंय असं वाटतं. उतरताना ब्रेक तापून वास येतो आणि शहाणा माणूस दोनदा थांबतो. आंबोली, तिकडं निपाणी-देवगड रस्त्यावरचा फोंडा आणि हा तिलारी, असे तीन घाट एकाच सायकलीवर चढलेल्याला कुठला रस्ता कुणासाठी काढला हे सांगायला इतिहासाचं पुस्तक लागत नाही.

जांबोटी, कणकुंबीवरून गोव्यात उतरणारा चोर्ला घाट तिसऱ्याच कारणानं लक्षात राहतो. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला बंगालच्या उपसागराकडं निघते. तिथून थोड्याच अंतरावरचं पाणी म्हादईतून अरबी समुद्राला मिळतं. या दोन उतारांच्या मधल्या रानात आता भीमगड अभयारण्य आहे आणि गोव्याच्या बाजूला म्हादई अभयारण्य. भीमगडात बारापेडे गुहांमधलं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. वाघ, अस्वल, गवे आहेत. त्यामुळं वाट्टेल तिथं तंबू ठोकायचे दिवस इथं संपले, आणि तक्रार करावी असं त्यात काही नाही. वनखात्याची परवानगी, नाहीतर गावातली शाळा किंवा देवळाचा सभामंडप. सभामंडप मागायचा असेल तर सूर्य मावळायच्या आत गाव गाठावं, पुजाऱ्याला किंवा पोलीस पाटलाला विचारावं आणि चप्पल बाहेर काढावी. जेवणाचं मग बहुतेक वेळा कुणीतरी बघतंच.

या मुलखातले लोक तळ ठोकायला नवखे नाहीत. सौंदत्तीच्या यल्लमाला आणि चिंचलीच्या मायाक्काला बैलगाड्यांनी जाणारी कुटुंबं वर्षानुवर्षं ठरलेल्या तळांवर उतरत आली. धनगर खतासाठी शेतात मेंढरं बसवतात तेव्हा त्यांचंही बिऱ्हाड तिथंच असतं. आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात, जो सायकलवाल्याचाही हंगाम, संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा रस्त्यावर ऊसतोड्यांच्या कोपींची गावं उठतात. संकेश्वरला हिरण्यकेशी कारखाना, पुढं गडहिंग्लजचा, आजऱ्यापुढं गवशाचा, बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर हलकर्णीचा दौलत. या सगळ्यांचा ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात. त्यांत वंजारी आहेत, लमाण आहेत. दोन्ही समाज आज वेगळे, पण याच घाटांखालून मीठ वर आणणाऱ्यांचे वारस दोघांतही असणार. उचल घेऊन आलेली ही माणसं पहाटे तीनला उठून फडात जातात. त्यांची पोरं कोपीपाशी राहतात. सायकलवाल्याचा तंबू त्यांच्यापासून शंभर पावलांवर पडला तर तो त्यांच्याच हातपंपावर पाणी भरतो.

गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोलीला जाणारा हा संकेश्वर-बांदा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. ठिकठिकाणी तो रुंद झाला, वळणं कापली गेली. या रस्त्याचा आताचा मालक म्हणजे उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस आणि रात्री मागचा दिवा असेलच असं नाही. अशी जोडगाडी वळणावर येताना दिसली की सायकल डांबर सोडून बाजूला घ्यावी, कारण मागची ट्रॉली नेहमी आत कापते.